डालड्याचा डबा

तूप विकत घेणे ही एके काळी आपल्याकडे एक स्वतंत्र विद्या होती. पेठेतल्या दुकानाची पायरी चढलेले जाणते गिऱ्हाईक भाव विचारण्यापूर्वी डब्यातले बोटभर तूप हाताच्या पाठीवर घेई, ते दोनचार वेळा चोळी, नाकाशी नेई, जिभेच्या टोकाला लावी, आणि मगच, आपले समाधान चेहऱ्यावर यत्किंचितही उमटू न देता, घासाघीस सुरू करी. तूप रवाळ आहे की चिकट, म्हशीचे की गाईचे, ताज्या लोण्याचे की आठवडेच्या आठवडे साठवून खवट झालेल्या लोण्याचे, याचा निवाडा त्या एका बोटावर होत असे आणि त्यावर अपील नसे. तरीही फसवणूक होईच. अस्सल तुपाला आपण ‘लोणकढे’ म्हणतो आणि नुकत्याच रचलेल्या धडधडीत असत्यालाही ‘लोणकढी’ थाप म्हणतो, हा निव्वळ योगायोग मानावयास, निदान तुपाच्या व्यापाराचा इतिहास वाचल्यानंतर, माझे मन तयार होत नाही.

या इतिहासातले सर्वांत गाजलेले प्रकरण 1917 साली कलकत्त्यात घडले. बाजारातल्या तुपात प्राण्यांची चरबी मिसळली जात असल्याचा बोभाटा झाला, तुपाच्या व्यापारात अग्रेसर असलेल्या मारवाडी समाजात आपापसांत दोषारोप आणि बहिष्कार सुरू झाले, भ्रष्ट तूप पोटात गेलेल्या ब्राह्मणांनी हुगळीच्या काठी प्रायश्चित्ताचे विधी केले, आणि सरकारला भेसळीविरुद्ध घाईने कायदा करावा लागला. हे प्रकरण मी मुद्दाम प्रारंभी आणतो आहे. भेसळ वनस्पती तुपाने आणली, असा जो समज पुढच्या काळात दृढ झाला, तो अर्धाच खरा आहे. वनस्पती तूप येण्याच्या आधीपासूनच तुपावरचा आणि तूपवाल्यावरचा विश्वास डळमळीत झालेला होता, आणि त्याच डळमळीत जागेवर पुढे एका पिवळ्या डब्याने आपले बस्तान बसवले.

त्या डब्यातल्या पदार्थाचे मूळ मात्र ना कलकत्त्यात, ना मुंबईत. पॉल साबात्ये या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस असे दाखवून दिले होते की निकेल धातूच्या बारीक चूर्णाच्या सान्निध्यात हायड्रोजन वायू काही सेंद्रिय पदार्थांशी सहज संयोग पावतो. या कामाबद्दल त्याला 1912 साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. विल्हेल्म नॉर्मान नावाच्या जर्मन रसायनज्ञाने तीच युक्ती पातळ तेलावर चालवली आणि 1902 साली तिचे पेटंट घेतले. तापलेल्या तेलात निकेलचे चूर्ण घालून त्यातून दाबाखाली हायड्रोजन सोडला की तेल हळूहळू घट्ट होते, आणि प्रक्रिया कोठे थांबवायची हे कारखानदाराच्या हाती असल्यामुळे त्याला लोण्यासारखा मऊ, तुपासारखा रवाळ किंवा मेणासारखा कठीण, हवा तसा पदार्थ काढता येतो. अमेरिकेत 1911 साली ‘क्रिस्को’ या नावाने सरकीच्या तेलाचा असा गोठवलेला पदार्थ बाजारात आला. हिंदुस्थानात तो पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, 1918 च्या सुमारास, डच मार्गारीन कारखानदारांकरवी आला.

येथे त्या डच व्यापाऱ्यांच्या चतुराईला दाद दिलीच पाहिजे. लोणी खाणाऱ्या युरोपात त्यांनी हा पदार्थ लोण्याच्या रूपात विकला आणि तूप खाणाऱ्या हिंदुस्थानात तुपाच्या रूपात. शिवाय त्यांनी जो देश निवडला होता तेथे लोकांच्या दोनच जाती होत्या. ‘खाईन तर तुपाशी, नाहीतर उपाशी’ ही म्हण आपण हट्टी माणसाला उद्देशून वापरतो खरी, पण तिच्या मुळाशी एक साधी आर्थिक परिस्थिती आहे. ज्याला तूप परवडते तो तुपाशी, ज्याला परवडत नाही तो, तुपाच्या बाबतीत तरी, उपाशी. या दोहोंमध्ये जो पगारदार, कारकून, मास्तर, गिरणीतला जॉबर, तालुक्याच्या कचेरीतला अव्वल कारकून असा नवा वर्ग उभा राहत होता, त्याला तुपाची हौस होती आणि ऐपत नव्हती. वनस्पती तूप आले ते याच वर्गासाठी.

पुढची हकीकत मुंबईच्या शिवडीत घडते. 1930 च्या पहिल्या दिवशी इंग्लंडची लिव्हर ब्रदर्स आणि हॉलंडची मार्गारीन युनी या दोन बलाढ्य संस्था एक होऊन युनिलिव्हर जन्मास आली. पुढच्याच वर्षी, 27 नोव्हेंबर 1931 रोजी, हिंदुस्थान वनस्पती मॅन्युफॅक्चरिंग कंपनीची नोंदणी झाली, शिवडीला जागा घेतली गेली, आणि 1932 साली तेथे उत्पादन सुरू झाले. साबणाचा कारखाना त्याच आवारात दोन वर्षांनी आला. खाण्याची चरबी आणि धुण्याची चरबी यांचे हे सख्खे शेजारपण टीकाकारांच्या नजरेतून कसे सुटले याचे मला नेहमी नवल वाटते. मालाचे नाव ठेवले ‘डालडा’. या नावाची व्युत्पत्ती अशी सांगतात की बाहेरून हा माल आणणाऱ्या दादा नावाच्या पेढीला आपले नाव त्यावर राहावे असे वाटत होते आणि लिव्हरला आपली खूण हवी होती, तेव्हा ‘दादा’च्या मधोमध लिव्हरचे आद्याक्षर बसवून तडजोड झाली. शब्द अर्थहीन, पण उच्चाराला सोपा आणि कोणत्याही प्रांतात परका न वाटणारा. मराठीने तर त्याला पाचसात वर्षांत विभक्तिप्रत्यय लावून घरातलाच करून घेतला. डालड्याचा डबा, डालड्यात तळलेले, डालड्यातली शंकरपाळी. ज्या नामाचे सामान्यरूप झाले ते नाम भाषेत रुजले, असे खुशाल समजावे.

माल तयार झाला तरी गिऱ्हाइकाच्या मनाचा दरवाजा उघडला नव्हता. तुपाला जो वास असतो तो याला नव्हता, याच्या पाठीशी गाय नव्हती, आणि ज्या देशात गायीच्या पाच पदार्थांना पावित्र्य आहे तेथे यंत्रातून निघालेल्या या श्वेत स्निग्ध पदार्थाला देवघरात तर सोडाच, स्वयंपाकघरातही प्रवेश मिळणे अवघड होते. तेव्हा 1939 पासून डालड्याचे नाव लोकांच्या मनावर बिंबवण्याचे काम पद्धतशीरपणे हाती घेण्यात आले, आणि ते लिंटास या युनिलिव्हरच्याच जाहिरातसंस्थेकडे, तिच्यातल्या हार्वे डंकन या गृहस्थाकडे, सोपवले गेले.

या मोहिमेची सविस्तर हकीकत सांगण्याजोगी आहे, कारण आपल्या देशात पुढे जे जे पाकिटात घालून विकले गेले त्याच्या विक्रीचा कित्ता येथेच गिरवला गेला. वाचता येणाऱ्यांसाठी वर्तमानपत्रातल्या जाहिराती आणि घडीपत्रके निघाली. वाचता न येणाऱ्यांसाठी एक छोटा बोलपट तयार झाला; तो चित्रपटगृहांत दाखवला गेला, आणि जेथे चित्रपटगृह नव्हते तेथे फिरत्या गाडीतून पडदा बांधून दाखवला गेला. गोल डब्याच्या आकाराची मोटार रस्त्यांतून फिरवण्यात आली. बाजाराच्या नाक्यावर टेबल मांडून, कढई चढवून, लोकांच्या डोळ्यांदेखत डालड्यात पदार्थ तळण्यात आले आणि ते गरमागरम त्यांच्या हातावर ठेवण्यात आले. या शेवटच्या युक्तीचे मर्म पाहा. तूप बोटावर घेऊन पारखण्याची जी आपली जुनी रीत, तीच जाहिरातदाराने उचलली, पण डबा न उघडता! गिऱ्हाइकाच्या जिभेवर तूप ठेवण्याऐवजी त्याने पुरी ठेवली. आणि गरम पुरीवरून तुपाचा निवाडा करणे हे निष्णात जिभेलाही जमत नाही.

डबाही विचारपूर्वक घडवलेला होता. पिवळाधमक रंग, त्यावर हिरवे ताडवर्गातले झाड, आणि झाकणाखाली सील. आत तेल बहुतांशी भुईमुगाचे आणि बाहेर चित्र ताडाचे, ही विसंगती कोणास खटकली नाही, कारण निरक्षर गिऱ्हाइकाला वनस्पतिशास्त्राशी कर्तव्य नव्हते, खुणेशी होते. ‘झाडाचा डबा द्या’ म्हटले की काम भागे. हॉटेलवाल्यांसाठी मोठे चौकोनी पिंप आणि घरासाठी लहानमोठ्या मापांचे गोल डबे, अशी सोय केल्यामुळे ज्याला एकदम पाच शेर तूप घेण्याची कधी प्राप्ती नव्हती त्यालाही एक छोटासा, नवाकोरा, सीलबंद डबा घरी नेता येऊ लागला. माणसाचा हात न लागलेला हा डबा हेच खरे विक्रीचे हत्यार होते. ‘शुद्ध’, ‘आरोग्यदायी’, ‘पौष्टिक’ ही विशेषणे त्याच्या जोडीला आली, पुढे जीवनसत्त्वांची भर पडली, डालड्याचे पाककृतींचे पुस्तक निघाले, आणि स्वयंपाकविषयक शंका विचारणाऱ्या गृहिणींना टपालाने उत्तरे देणारी सल्लागार सेवाही निघाली. लक्ष्मीबाई धुरंधरांनी 1910 साली ‘गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ लिहिले तेव्हा गृहिणीला स्वयंपाक शिकवणारी गृहिणीच होती. आता ते काम तेलाचा कारखानदार करू लागला.

युद्ध आले आणि जाहिरातीचे उरलेले काम टंचाईने केले. 1943 साली मुंबईत रेशनिंगचा अंमल सुरू झाला, लष्कराची मागणी वाढली, साजूक तूप मध्यमवर्गाच्या आवाक्याबाहेर गेले, आणि ज्यांनी डालड्याचे नाव घेताना नाक मुरडले होते त्यांच्याही फडताळात पिवळा डबा दिसू लागला. कारखाने निघू लागले. टाटा ऑइल मिल्सचे ‘पकाव’, दिल्ली क्लॉथ मिल्सचे ‘रथ’ अशी नावे घरोघर झाली. महाराष्ट्रातला सर्वांत ध्यानात ठेवण्याजोगा कारखाना मात्र खानदेशात निघाला. अमळनेर म्हणजे प्रताप मिलचे, तत्त्वज्ञान मंदिराचे, साने गुरुजींनी जेथे शिक्षकी केली ते गाव. भोवती भुईमुगाचा मुलूख. तेथे मोहम्मद हुसेन हाशम प्रेमजी यांनी 29 डिसेंबर 1945 रोजी ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ ही कंपनी स्थापन केली आणि ‘सनफ्लॉवर’ नावाचे वनस्पती तूप काढले. त्या कंपनीच्या नावातली अक्षरे जुळवून पुढे जो शब्द झाला तो आज संगणकाच्या व्यवसायात जगभर ठाऊक आहे, आणि त्या वेळी चार पैसे गुंतवून तिचे भाग जपून ठेवणारी अमळनेरची साधी शेतकरी-दुकानदार कुटुंबे पुढे लक्षाधीश झाली. विप्रोचा उगम भुईमुगाच्या तेलाच्या कढईत आहे हे नव्या पिढीला सांगितले तर तिला लोणकढी थाप वाटेल.

या पदार्थाला विरोध झाला, आणि तो किरकोळ नव्हता. गांधीजींनी 1946 साली ‘हरिजन’मधून वनस्पतीवर कडक टीका केली. त्यांचा आक्षेप तेलाला नव्हता. तेल तेल म्हणून, घाण्याचे ताजे, खुशाल खावे, हे त्यांचे मत होते. तेलाला तुपाचे सोंग देऊन विकणे ही फसवणूक आहे, आणि तुपात ते मिसळले जाते ही दुहेरी फसवणूक आहे, असे त्यांचे म्हणणे. वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे कार्य चाले. झवेरभाई पटेलांनी तेथेच बैलाच्या घाण्याची सुधारलेली रचना सिद्ध केली होती, आणि जे. सी. कुमारप्पांच्या अर्थशास्त्रात तेलाची गिरणी व वनस्पतीचा कारखाना ही ग्रामीण जीवनाच्या शोषणाची ठळक उदाहरणे होती. एका बाजूला शिवडीची धुराडी आणि दुसऱ्या बाजूला मगनवाडीचा घाणा. एकाकडे जाहिरातीचे सर्व साहित्य, दुसऱ्याकडे फक्त युक्तिवाद. निकाल काय लागणार हे भविष्यवेत्त्याला विचारण्याची गरज नव्हती.

स्वातंत्र्यानंतर हा बखेडा संसदेत गेला. पंडित ठाकुरदास भार्गव यांनी वनस्पतीचे उत्पादन व विक्री बंद करण्यासाठी खासगी विधेयक मांडले आणि गोरक्षणवाद्यांपासून दूध-व्यवसायाच्या कैवाऱ्यांपर्यंत अनेकांनी त्याला पाठिंबा दिला. इज्जतनगरच्या पशुवैद्यक संशोधन संस्थेतले उंदीर त्या काळात फार प्रसिद्धीस आले. वनस्पतीवर पोसलेल्या उंदरांच्या पुढच्या पिढ्या आंधळ्या होतात अशी वार्ता तेथल्या प्रयोगांच्या हवाल्याने पसरली आणि सभांतून, पत्रकांतून, चाळीच्या गॅलरीतून तिला पाय फुटले. सरकारने शास्त्रज्ञांकडून पुन्हा तपासणी करविली. आपल्या शरीराच्या उष्णतेला, म्हणजे सुमारे 37 अंशांना, जे वितळते ते वनस्पती पचण्यास अडचण नाही आणि त्यापासून अपाय दिसत नाही, असा निर्वाळा मिळाला. विधेयक बारगळले. 1953 पासून वनस्पतीत ‘अ’ जीवनसत्त्व घालणे सक्तीचे झाले, आणि मग तर जाहिरातदाराला सरकारी शिक्क्याचाच आधार मिळाला.

राहिला प्रश्न भेसळीचा. वनस्पतीला एखादा ठसठशीत रंग द्यावा, म्हणजे ते तुपात मिसळताच उघडकीस येईल, अशी मागणी वर्षानुवर्षे होत राहिली. रतनजोतीपासून अनेक रंगांची नावे निघाली. परंतु रंग निरुपद्रवी हवा, तळणीच्या आचेत टिकायला हवा आणि लबाड व्यापाऱ्याला काढून टाकता येऊ नये, या तिन्ही अटी पुऱ्या करणारा रंग काही सापडला नाही. आणि तो सापडू नये अशीच अनेकांची मनीषा असावी, असा संशय मला येतो. त्याऐवजी एक गुप्त खूण ठेवण्यात आली. प्रत्येक वनस्पतीत शेकडा पाच भाग तिळाचे तेल घातलेच पाहिजे, असा हुकूम झाला.

ही खूण कशी काम करी ते पाहण्यासारखे आहे. 1954 चा अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा 1955 च्या जूनपासून अंमलात आल्यावर नगरपालिकेचा अन्न निरीक्षक पंच घेऊन दुकानात येई, तुपाचा नमुना विकत घेई, त्याचे तीन भाग करून बाटल्यांत भरी, त्यांना लाख लावून मोहोर करी आणि पंचनाम्यावर सह्या घेई. दुकानदार तोवर गल्ल्यामागे बसून ‘साहेब, चहा सांगू का?’ असे दोनदा विचारी. प्रयोगशाळेत त्या तुपाच्या नमुन्यात तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल आणि साखर, किंवा साखरेऐवजी फरफ्युराल, घालून परीक्षानळी हलवली जाई. तूप निर्भेळ असेल तर खाली बसलेले आम्ल रंगहीन राही. त्यात वनस्पतीचा अंश असेल तर तिळाच्या तेलामुळे आम्लाला गुलाबी, कधी डाळिंबी, छटा चढे. फिर्याद, जप्ती, दंड, कैद या सगळ्या कायदेशीर इमारतीचा पाया तो एक गुलाबी थर होता. शाळेच्या प्रयोगशाळेतही हा प्रयोग करून दाखवीत, आणि घरून आणलेल्या तुपाच्या वाटीत रंग उमटला की त्या मुलाकडे वर्ग ज्या नजरेने पाही ती नजर मी विसरलेलो नाही.

आमच्या घरात तुपाचा आणि डालड्याचा संसार स्वतंत्र होता. देवापुढच्या निरांजनात, नैवेद्याच्या वरणभातावर आणि श्राद्धाच्या स्वयंपाकात डालड्याला मज्जाव होता. आजीच्या त्या सीमारेषेचे उल्लंघन करण्याची छाती कोणाला झाली नाही. वरणभातावर तो तसाही शोभला नसता, भात निवताच त्याचा पातळ पापुद्रा टाळूला चिकटे. परंतु दिवाळीच्या आठ दिवस आधी नवा डबा फुटला की राज्य त्याचे. चमच्याचा दांडा झाकणाच्या कडेखाली सरकवून ते उचलायचे, आतला पांढराशुभ्र, अजून कोणी बोट न लावलेला पृष्ठभाग क्षणभर पाहायचा, आणि मग आईने त्यात पहिला चमचा बुडवायचा. चिरोट्यांचा साटा करण्यासाठी परातीत डालडा घेऊन ती तळहाताने फेसू लागे; दहापंधरा मिनिटांत तो लोण्याहून हलका होई, त्यातला एक ठिपका पाण्याच्या वाटीत टाकला आणि तो तरंगला म्हणजे साटा जमला. साजूक तुपाने हे इतके हुकमी साधत नाही, हे प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे. मे महिन्यात नानकटाईसाठी मैदा, रवा, पिठीसाखर आणि डालडा पिशवीत घालून आम्ही मुले बेकरीवर जात असू. तेथे भट्टीतून निघालेल्या पत्र्यांवर आपल्या नानकटाया ओळखण्यासाठी आईने चारोळी लावून दिलेली असे. त्या नानकटाईचा जिभेवर विरघळणारा भुसभुशीतपणा हे डालड्याचेच देणे होते, आणि बेकरीवाल्याने, खारीवाल्याने, फरसाणवाल्याने ते पुरते ओळखले होते. गृहिणीने पुढे डालडा सोडला तरी त्यांनी सोडला नाही.

रिकामा डबाही कधी फेकला गेला नाही. मोठ्यात डाळी, मधल्यात रवा, लहानात हिंग-जिऱ्याच्या पुड्या, गंजलेल्यात गॅलरीतली तुळस, आणि कान लावलेला जो सर्वांत जुना, त्याचे चाळीच्या टोकाला घेऊन जाण्याचे टमरेल. कंपनीने जाहिरातीवर कितीही द्रव्य ओतले असले तरी या फुकटच्या, चोवीस तास चालणाऱ्या जाहिरातीची सर त्याला आली नसेल.

पुढे दिवस पालटले. 1983 साली परदेशातून आणलेली गोवंशाची चरबी वनस्पतीत मिसळली जात असल्याचे प्रकरण देशभर पेटले, आणि 1917 च्या कलकत्त्यातली भीती, यावेळी साजूक तुपाऐवजी वनस्पतीच्या डब्यात, परत अवतरली. ‘माणसाचा हात न लागलेला डबा’ हा जो जुना करार होता तो त्या वर्षी मोडला. पाठोपाठ शुद्धीकरण केलेली पातळ तेले आली. ती विकणाऱ्यांनी हृदयविकाराच्या भीतीलाच जाहिरातीचे साधन केले, आणि ज्या मध्यमवर्गाला पन्नास वर्षांपूर्वी घट्ट तेल आरोग्यदायी म्हणून विकले होते त्यालाच आता पातळ तेल आरोग्यदायी म्हणून विकले जाऊ लागले. 2003 साली युनिलिव्हरच्या हिंदुस्थान लिव्हर या कंपनीने डालडा हे नावच बुंगे या कंपनीला विकून टाकले.

आणि उंदीर? त्यांचे काय झाले? या सगळ्या वादात मला सर्वांत विलक्षण वाटते ते हे की वनस्पतीचे शत्रू आणि मित्र दोघेही भलत्याच ठिकाणी खणत होते. एक पक्ष उंदरांच्या डोळ्यांत पाहत होता, दुसरा 37 अंशांच्या वितळबिंदूकडे. निरीक्षक गुलाबी रंग शोधत होता आणि जाहिरातदार सीलाकडे बोट दाखवत होता. सील खरे होते, जीवनसत्त्व खरे होते, शुद्धताही बहुधा खरी होती, आणि दोष त्या शुद्ध पदार्थाच्या घडणीतच होता. तेलाच्या रेणूत जी एक नैसर्गिक वाकण असते, तिच्यामुळे तेल पातळ राहते. तापलेल्या निकेलवर हायड्रोजन अर्धवट चढवला की काही रेणूंची ही वाकण सरळ होते, रसायनशास्त्राच्या भाषेत ते ‘ट्रान्स’ होतात, आणि पदार्थाला तो हवाहवासा घट्टपणा, तो टिकाऊपणा, नानकटाईचा तो भुसभुशीतपणा येतो. अमेरिकेत फ्रेड कुमेरो या संशोधकाला 1957 साली मृत माणसांच्या ऊतींत ही ट्रान्स स्निग्धाम्ले साठलेली आढळली. त्याचे म्हणणे फारसे कोणी मनावर घेतले नाही. 1990 साली हॉलंडमधल्या मेन्सिंक आणि काटान यांनी दाखवले की ती रक्तातले अपायकारक कोलेस्टेरॉल वाढवतात आणि हितकारक कोलेस्टेरॉल घटवतात. ज्या देशाच्या व्यापाऱ्यांनी हा पदार्थ आपल्याकडे प्रथम आणला त्याच देशातून त्याच्याविरुद्धचा हा निर्णायक पुरावा आला. कुमेरो मात्र चिवट निघाला. नव्वदी उलटल्यावर त्याने अमेरिकन सरकारकडे अर्ज केला, दाद लागेना तेव्हा फिर्याद केली, आणि 2015 साली अर्धवट हायड्रोजनित तेलांवर बंदीचा निर्णय झालेला पाहूनच, एकशे दोन वर्षांचा होऊन, 2017 साली वारला.

गांधीजींना ट्रान्स स्निग्धाम्ल ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तेलाला तुपाचे सोंग देणे गैर आहे, एवढेच त्यांनी सांगितले होते; आणि अपाय नेमका त्या सोंगातूनच निघाला. हा त्यांचा शास्त्रीय विजय आहे असे मी म्हणणार नाही, कारण चुकीच्या पुराव्यावर बरोबर निघालेल्या संशयाला शास्त्र म्हणत नाहीत. परंतु 1950 साली ज्यांनी ‘अपाय नाही’ असा निर्वाळा दिला, त्यांनी ‘आज आम्हांस दिसलेला अपाय नाही’ असे लिहिले असते तर ते अधिक शास्त्रीय झाले असते, आणि जाहिरातदाराच्या काही कामाचे राहिले नसते.

आपल्याकडे कायदा पायरीपायरीने उतरला. तेले व स्निग्ध पदार्थांतल्या ट्रान्सची मर्यादा प्रथम शेकडा दहा ठरली, मग पाच, 2021 च्या जानेवारीपासून तीन, आणि 1 जानेवारी 2022 पासून दोन. शिवडीच्या कारखान्यात उत्पादन सुरू झाले त्याला त्या वर्षी नव्वद वर्षे झाली.